वाटी, कप, चमचा आणि ग्रॅम: स्वयंपाकघरातल्या मापांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, या काळात मला जे प्रश्न येतात त्यातले निम्मे मापाचे असतात. त्यातही पहिला ठरलेला: "ताई, तुमची वाटी केवढी?" दरवर्षी तेच उत्तर नव्यानं लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. सोप्यापासून सुरुवात केली आहे, पुढेपुढे अडचणीचे प्रश्न आहेत.

१. एक वाटी म्हणजे नक्की किती मिली?

ठरलेलं काही नाही. भांड्यांच्या दुकानात लहान वाटी शंभर मिलीच्या आसपास असते, आमटीची मोठी वाटी दोनशेच्या वर जाते, आणि दोघींनाही वाटीच म्हणतात. मी लिहिते त्या कृतींत वाटी १५० मिलीची धरलेली असते. दुसऱ्या कुणाची कृती वाचत असाल तर त्यांची वाटी केवढी हे त्यांनाच ठाऊक, बरेचदा त्यांनाही नाही. म्हणून आधी स्वतःची वाटी ओळखून घ्या (प्रश्न २).

२. माझी वाटी किती मिलीची आहे, हे घरच्या घरी कसं काढायचं?

डिजिटल काटा असेल तर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. पाण्याच्या बाबतीत हा हिशेब बिनधास्त चालतो, बाकीच्यांचं प्रश्न १० मध्ये.

काटा नसेल तर अर्ध्या लीटरची दुधाची पिशवी आहेच. ती पातेल्यात ओतताना वाटीनं मोजून ओता. सव्वातीन वाट्या भरल्या तर तुमची वाटी साधारण १५४ मिलीची. चमचे मोजायला खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरा.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, पाणी काठोकाठ भरून मोजायचं आणि मग स्वयंपाक करताना बोटभर रिकामी ठेवून भरायची. जशी रोज भरता तशीच मोजा. दुसरी, वाटी वर पसरट आणि बुडाशी निमुळती असते, त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर ती अर्धी वाटी होत नाही, बरीच कमी होते. अर्धी हवी असेल तर पूर्ण वाटीचे मिली काढून त्याच्या निम्म्याची खूण करा. माझ्या वाटीला आतून खिळ्यानं ओरखडा आहे. सासूबाईंना तो कधीच आवडला नाही.

३. वाटी लहान-मोठी असली तर पदार्थ बिघडतो का?

सगळंच वाटीनं मोजलं असेल तर नाही. मोदकाच्या उकडीला एक वाटी पिठी आणि एक वाटी पाणी म्हटलं की वाटी शंभरची असो की दोनशेची, उकड तीच होणार, फक्त मोदक कमी-जास्त होतील. इडलीचे डाळ-तांदूळ, खिचडी, पुरण, भाजणी ही सगळी याच जातीची. आपल्या आज्या कुठलंही यंत्र न वापरता अचूक स्वयंपाक करत, त्याचं कारण हेच. त्यांना हवं होतं प्रमाण, आणि ते एकाच भांड्यानं मोजलं की साधतं.

घोळ होतो तो वाटीच्या शेजारी दुसरं माप येऊन बसलं की. "२ वाट्या मैदा, १ टीस्पून सोडा, २ अंडी, २०० ग्रॅम लोणी." इथे अंडं तुमच्या वाटीकडे बघून लहान होत नाही. अशा कृतीत वाटी मिलीत कळायलाच हवी.

४. टीस्पून, टेबलस्पून, चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा: यातलं कोण किती?

टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. म्हणजे तीन टीस्पूनचा एक टेबलस्पून.

घरातले चमचे या हिशेबात बसत नाहीत. माझ्याकडचे पोहे खायचे चमचे मोजले तेव्हा एकही पाचाचा निघाला नाही आणि एकही पंधराचा नाही, सगळे मधेच कुठेतरी. मसाल्याच्या डब्यातला चमचा तर टीस्पूनच्या निम्म्यावर येतो. फोडणीला याचा काही फरक पडत नाही. केकला, ढोकळ्याला, नानकटाईला पडतो. मापाच्या चमच्यांचा जुडगा स्वस्त मिळतो, एक घेऊन टाका.

५. "टी.स्पू." आणि "टे.स्पू." यात नेहमी गोंधळ होतो. काय करू?

तुमची चूक नाही, एका मात्रेचा तर फरक आहे. पण ती मात्रा तिप्पट करते. एका छापील कात्रणावरून मी ढोकळा केला होता, त्यात "टी" चा "टे" झाला होता. पाहुण्यांनी सौजन्यानं एकेक वडी खाल्ली, मागून कुणी घेतली नाही. सोड्याची ती साबणासारखी चव लपत नाही.

शंका आली की प्रमाण बघा. सोडा, बेकिंग पावडर, मीठ, हळद, हिंग यांच्यापुढे टेबलस्पून दिसला आणि पीठ दोन-तीन वाट्यांचंच असेल, तर ती छपाईची चूक समजा. इंग्रजी कृतींत नुसतं एकच अक्षर असेल तर लहान लिपीतला टी म्हणजे टीस्पून, मोठ्या लिपीतला टी म्हणजे टेबलस्पून. जर्मनीतून विचारणाऱ्यांसाठी: तिथला "टीएल" म्हणजे लहान चमचा, "ईएल" म्हणजे मोठा.

६. चमचा सपाट धरायचा की शीग लावून?

काही लिहिलेलं नसेल तर सपाट. भरून घ्या आणि सुरीच्या पाठीनं वरचं काढून टाका. शिगेला मर्यादा नसते. तेल-पाण्याला फारशी शीग येत नाही, पण बेसनाचा शिगोशीग चमचा सपाट चमच्याच्या दुपटीला टेकतो.

एका ठिकाणी मात्र हे कटाक्षानं पाळा. जुलाब होत असताना घरी करायचं साखर-मिठाचं पाणी: एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट टीस्पून साखर, अर्धा सपाट टीस्पून मीठ. मीठ शीग लावून घातलं तर लहान मुलाला ते अपायकारक ठरतं. ओआरएसची पुडी आणली असेल तर ती किती पाण्यात घालायची हे पुडीवर वाचा. लीटरची पुडी पेलाभर पाण्यात घालायची नसते.

७. एक कप म्हणजे २००, २४० की २५० मिली?

तिन्ही, देशाप्रमाणे. अमेरिकेतला कप २३६.६ मिलीचा, तिथल्या पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५०. जपानमध्ये २००. आपल्याकडे मिळणारे मापाचे कप २४० किंवा २५० चे असतात, बुडाशी किंवा दांड्यावर आकडा कोरलेला असतो. २४० आणि २५० मधला फरक दोन टीस्पूनचा. भाजी-आमटीत सोडून द्या, बेकिंगमध्येही सगळे कप एकाच संचातले असतील तर निभावतं.

आपला चहाचा कप या हिशेबात कुठेच नाही. कृतीत कप लिहिला म्हणून कपबशीतला घेऊ नका.

८. परदेशी कृती वापरताना आणखी कुठे फसायला होतं?

ऑस्ट्रेलियात. तिथला टेबलस्पून २० मिलीचा, म्हणजे चार टीस्पूनचा. मेलबर्नच्या मैत्रिणीनं पाठवलेल्या कृतीत तीन टेबलस्पून म्हटलं असेल तर आपले चार घ्यायचे.

अमेरिकेत औंस दोन तऱ्हेचे. पातळ पदार्थाचा फ्लुइड औंस साधारण ३० मिली, वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम. आठ फ्लुइड औंसांचा एक कप, हे पाठ केलं की बरंच निभतं. लोण्याची "स्टिक" म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप, आठ टेबलस्पून. पाउंड ४५४ ग्रॅमचा. पाइंट अमेरिकेत ४७३ मिली, ब्रिटनमध्ये ५६८. स्वीडनमधल्या कृतींत "डीएल" दिसतो, तो डेसिलीटर, म्हणजे १०० मिली. "सीसी" आणि मिली एकच.

९. राइस कुकरसोबत आलेला कप लहान का असतो? तो हरवला तर?

तो जपानी गो या जुन्या मापाचा असतो, १८० मिली. त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतात. कुकरच्या भांड्यात आतून ज्या रेषा आखलेल्या असतात त्या याच कपाच्या. कप हरवला म्हणून २४० च्या कपानं दोन कप तांदूळ घातले आणि पाणी मात्र "२" च्या रेषेपर्यंत, तर भात कच्चट राहणार. पाऊण मापाचा कप (२४० चा) वापरा, बरोबर १८० होतात.

१०. मिली आणि ग्रॅम एकच ना?

पाण्यापुरतं हो. दूध-दही जवळपास तसंच, जरासं जड. तेल-तूप हलकं: एक लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर दोन्ही आकडे बघायला मिळतात. एक लीटर तुपाला एक किलो समजून भाव ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मध उलट, फार जड: एका लीटरचं वजन एक किलो चारशे ग्रॅमच्या आसपास.

कोरड्या जिन्नसांत तर मिलीवरून ग्रॅम काढताच येत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं, त्यासाठी पुढचा प्रश्न.

११. कपाचे ग्रॅम किती, एकदाची यादी द्या ना.

घ्या. सगळे आकडे २४० मिलीच्या सपाट कपाचे, दाबून न भरलेल्या.

साखर २०० ग्रॅम
पिठीसाखर १२०
मैदा १२० ते १२५
कणीक १२० ते १३०
बेसन ९० ते ११०
बारीक रवा १६५ ते १७०
तांदूळ १८५ ते २००
खवलेला ओला नारळ, सैल भरून, ८० च्या आसपास
लोणी २२७
तेल किंवा पातळ तूप २१८ ते २२०
दूध २४५
मध ३४०

१५० मिलीच्या वाटीसाठी यातला कुठलाही आकडा पाचानं गुणून आठानं भागा. साखरेची वाटी १२५ ग्रॅम, मैद्याची ७५ ते ७८.

टीस्पूनचे वारंवार विचारले जाणारे तीन: मीठ ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, हळद ३ ग्रॅम. हे मीठ बारीक. खडेमीठ चमच्यात कमी मावतं, म्हणून तितकाच चमचा घातला तर पदार्थ अळणी लागतो.

१२. तोच कप, तेच पीठ, तरी वजन दर वेळी वेगळं येतं. काटा बिघडला आहे का?

काटा बरा आहे. कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर पीठ दाबलं जातं आणि १२० च्या जागी १४०, १५० ग्रॅमही बसतं. चाळलेलं पीठ चमच्यानं हलकेच कपात घातलं की कमी बसतं. गिरणीतून नुकतीच आणलेली कणीक फुललेली असते, चार दिवस डब्यात राहिली की खाली बसते. "तुमच्याच मापानं केक केला, पण दडस झाला" अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हा खुपसलेला कप असतो. पीठ चमच्यानं भरा आणि वरून सपाट करा, नाहीतर सरळ तोला.

१३. समप्रमाण म्हणजे वाटीनं की वजनानं? प्रसादाच्या शिऱ्याला कुठलं?

सुंदर प्रश्न, आणि दोन्ही उत्तरं चालू आहेत. घरी आपण सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप घेतो. आचारी सव्वा किलो, सव्वा किलो, सव्वा किलो घेतो. दोघंही समप्रमाणच म्हणतात, पण प्रश्न ११ ची यादी बघा: एका कपात रवा १७० ग्रॅम, साखर २००, तूप २१८. म्हणजे वाटीनं मोजलेल्या शिऱ्यात रव्याच्या मानानं साखर आणि तूप दोन्ही जास्त पडतं. देवळातला शिरा घरच्यासारखा लागत नाही, त्यामागे केळं, कढई आणि श्रद्धा यांच्या जोडीला हा हिशेबही आहे.

मी घरी वाटीनंच करते. तूप पातळ करून मोजते, कारण थिजलेल्या तुपाला शीग येते आणि मधे पोकळीही राहते.

१४. आजीच्या वहीत पायली, चिपटं, पावशेर, छटाक असं लिहिलंय. आता कसं मोजू?

आधी हे बघा की ते माप आहे की वजन. दोन्हींत शेर आहे आणि दोन शेर वेगळे आहेत.

मापाचा हिशेब असा: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पायली केवढी, हे मात्र गावोगावी बदलायचं. त्यामुळे वहीतलं चिपटं मिलीत आणायचा हट्ट सोडा आणि प्रमाण धरा. "पायलीभर भाजणीला चिपटं उडीद" म्हणजे सोळास एक. सोळा वाट्यांना एक वाटी घ्या, आजीचीच भाजणी होईल.

वजनात पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे शेर ९३३ ग्रॅम, पावशेर २३३, छटाक ५८. कच्चा शेर याहून लहान, तोही जागोजाग निराळा. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले, पण शब्द राहिले. मंडईत आज "पावशेर मिरच्या" मागितल्या की २५० ग्रॅम मिळतात. वही त्याआधीची असेल तर पावशेर २३३ चा, नंतरची असेल तर बहुधा २५० चा. आणि सराफाच्या हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यावरून हिशेब करू नका.

१५. कृती निम्मी करताना "एक तृतीयांश कप" चं काय करू?

अर्ध्या कपाचा पाव होतो, पावाचा अर्धपाव, इथवर आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, भाषेतच सगळी सोय आहे. वरचं पायलीचं कोष्टकही निम्म्यानंच उतरतं. तिसऱ्या हिश्शाला मात्र आपल्या स्वयंपाकघरात सुटसुटीत शब्द नाही, म्हणूनच तो परका वाटतो.

चमच्यांत उतरवा. अमेरिकी कपात १६ टेबलस्पून. त्याचा तिसरा हिस्सा ५ टेबलस्पून आणि १ टीस्पून. त्याचं निम्मं २ टेबलस्पून आणि २ टीस्पून. पाऊण कपाचं निम्मं ६ टेबलस्पून.

अर्धं अंडं? फोडून फेटा, अर्धं घ्या. मोठं अंडं टरफलाशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास असतं, काटा असेल तर २५ तोलून घ्या.

१६. दुप्पट, चौपट करताना सगळंच त्या पटीनं वाढवायचं का?

डाळ, तांदूळ, पीठ, साखर, हो. पाणी नाही. उघड्या पातेल्यात जे पाणी वाफेनं जातं ते भांड्याचं तोंड आणि शिजायचा वेळ यावर ठरतं, जिन्नस दुप्पट झाले म्हणून वाफ दुप्पट होत नाही. फोडणीचं तेलही दुप्पट लागत नाही, कढईचं बूड तेवढंच असतं. मीठ आणि तिखट आधी दीडपट घाला, चव घ्या, मग वाढवा. जास्त झालेलं काढता येत नाही.

१७. "एक वाटी शेंगदाण्याचं कूट" आणि "एक वाटी शेंगदाणे, कूट करून" यात फरक आहे?

आहे. पहिल्यात कूट करून मग वाटी भरायची, दुसऱ्यात दाणे भरून मग कुटायचे. मापाच्या जवळ जो शब्द, तो मोजायचा. पुरणाला "एक वाटी डाळ, एक वाटी गूळ" म्हणतात तेव्हा डाळ कोरडी, भिजवण्याआधीची. शिजलेली डाळ धरली तर पुरण अगोड होईल. कोथिंबीर, मेथी चिरून मोजतात, आणि दाबून की सैल हे कुणीच लिहीत नाही. मी सैल धरते.

१८. गूळ वाटीनं मोजला की गोडी दर वेळी बदलते. उपाय?

तोला. किसलेला, चिरलेला आणि पावडरीचा गूळ वाटीत वेगवेगळा बसतो, खड्यांमधे हवाच जास्त असते. ढेप ओलसर की कोरडी, यानंही फरक पडतो. पाकातल्या लाडू-वड्यांना तर मी गूळ वाटीनं मोजतच नाही.

१९. "चिमूटभर", "लिंबाएवढी चिंच", "पेरभर आलं" हे कसं मोजायचं?

मोजायचं नाही. चिमूट म्हणजे टीस्पूनचा आठवा ते सोळावा भाग, दोन बोटांची की तीन, यावर अवलंबून. हिंगाला दोन बोटांची पुरे. लिंबाएवढी चिंच माझ्या काट्यावर २० ते ३० ग्रॅमच्या मधे येते, चिंच जुनी आणि गोळा घट्ट असेल तर जास्त. पण कोळाचा आंबटपणा चिंचेवर आहे, आकड्यावर नाही. कोळ थोडा थोडा घालत चाखत जा.

२०. औषध घरच्या चमच्यानं दिलं तर चालेल का? पाच मिलीच तर आहे.

नाही. घरचा चमचा पाच मिलीचा नसतो, हे प्रश्न ४ मध्ये पाहिलंच. बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. टोपणात द्रवाची कड वर चढलेली दिसते, तेव्हा टोपण सपाट जागी ठेवून, डोळा खुणेच्या रेषेत आणून, मधला सखल भाग वाचा. आणि प्रश्न २ मध्ये चमचे मोजायला जे टोपण घेतलंत, ते रिकाम्या, संपलेल्या बाटलीचं असू द्या.